चाळीस वर्षांची सही

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. सांवेरकडे सासऱ्यांची ११ एकर जमीन आहे. खात्यावर यांचं आणि मोठ्या दिरांचं, दोघांची नावं आहेत. दीर पुण्याला असतात. वीस वर्षं झाली, एकच पाटीदार कुटुंब ती बटाईने करतंय. आधी सोयाबीन, मग गहू. माझा मुलगा पर्यावरण विषयात शिकून नुकताच बाहेर पडला आहे. त्याच्या ओळखीतून एका कंपनीचा माणूस घरी आला. म्हणाला, सगळ्या जमिनीवर झाडं लावा, त्यांची कार्बन क्रेडिट आम्ही परदेशी कंपन्यांना विकू, तुम्हाला एकरी वर्षाला ३० हजार मिळतील. करार ४० वर्षांचा. नोंदणी आणि सर्व्हेचे ५५ हजार आधी भरायचे. मुलगा म्हणतो, आई, जग याच दिशेने चाललंय. हे म्हणतात, हवा विकायचे धंदे आहेत. दिरांना अजून काहीच सांगितलेलं नाही, ते दिवाळीला येणार आहेत. मला मुलाचं मन मोडायचं नाही आणि जमीनही अडकवायची नाही. काय करू?
— एक आई, सुदामानगर

उत्तर:

नमस्कार.

तातडीचं आहे ते आधी सांगते. ५५ हजार भरू नका आणि सही करू नका. दिवाळीपर्यंत थांबल्याने काहीही हातचं जात नाही. झाडं लावायचीच ठरली तरी ती पुढच्या पावसाळ्यात लागणार. ‘या महिन्यात नोंदणी बंद होतेय’ असं तो माणूस म्हणत असेल तर म्हणू दे.

तुमचा मुलगा मात्र भलत्याच्या मागे लागलेला नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते. कार्बन क्रेडिट ही खरी वस्तू आहे. आपल्या इंदूरच्या स्मार्ट सिटी कंपनीने ओल्या कचऱ्याचं खत, गॅस आणि सौर वीज यांच्या हिशेबावर क्रेडिट विकून सुमारे ५० लाख रुपये मिळवले, त्यालाही आता काही वर्षं झाली. तेव्हा यजमानांना सांगा, हवा विकण्याचा धंदा म्हणून हे सगळंच मोडीत काढू नका. प्रश्न एवढाच आहे की तुमच्या दारात आलेला कागद त्या जातीचा आहे का. पत्रावरून तरी तो नाही.

एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड, हवेतून काढलेला किंवा हवेत जाऊ न दिलेला. झाडाच्या बाबतीत तो मोजतात कसा, ते मी हाताने केलेलं आहे, म्हणून सांगते. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे साधारण छातीशी, खोडाला टेप गुंडाळायचा. घेर मिळाला की त्या जातीच्या सूत्राने झाडाचं वाळलेलं वजन काढायचं. समजा एका कडूनिंबाचं वजन १०० किलो निघालं. त्यात कार्बन निम्म्याहून थोडा कमी, ४७ किलोच्या आसपास. त्याचा कार्बन डायऑक्साइड करायचा तर ४४ ने गुणून १२ ने भागायचं. आले १७२ किलो. म्हणजे अशी जवळजवळ सहा झाडं मिळून एक टन, एक क्रेडिट.

आणि तेही एकदाच. पुढच्या वर्षी पैसे मिळतात ते फक्त त्या वर्षात झाड जेवढं वाढलं तेवढ्याचे. आता या मापाने एकरी ३० हजार तपासून बघा. समजा टनाला १,००० रुपये भाव मिळाला आणि कंपनीने स्वतःसाठी एक पैसाही ठेवला नाही. तरी एका एकरातून वर्षाला ३० टन निघायला हवेत. म्हणजे १७४ झाडं, आणि त्यातल्या प्रत्येकाने दर वर्षी १०० किलो वाळलेलं वजन घालायचं, पहिल्या वर्षापासून, चाळीस वर्षं. सांवेरच्या शेतात, आपल्या पावसावर, हे होणार नाही. भाव दुप्पट धरला तरी होणार नाही. मुलगा शिकलेला आहे, हे गणित त्याच्यासमोर ठेवा. तुम्ही ‘नको’ म्हणण्यापेक्षा त्याच्या स्वतःच्या वहीतून आलेलं ‘नको’ त्याला पटेल, आणि त्याचं मनही मोडणार नाही.

रोपं लहान असताना तर मोजण्यासारखं काही नसतंच. पहिली मोजणी, मग तिसऱ्या पक्षाकडून पडताळणी, मग क्रेडिट, मग विक्री, असा प्रवास असतो आणि हातात पहिला रुपया यायला चार-पाच वर्षं सहज जातात. तेवढ्या काळात तुमच्या ११ एकरांत सोयाबीनही नाही आणि गहूही नाही. ही गोष्ट त्या माणसाने सांगितली होती का?

आणखी एक नियम या धंद्यात पायाचा आहे. प्रकल्प नसता तर जे झालंच नसतं, तेवढंच मोजायचं. बांधावर आज उभी असलेली झाडं, विहिरीवरचा जुना आंबा, यांचं क्रेडिट होत नाही. ‘आहेत ती झाडंसुद्धा धरून देऊ’ असं कोणी सांगितलं तर तो एक तर काम जाणत नाही किंवा तुम्हाला फसवतोय.

मी दहा-बारा वर्षं अशा प्रकल्पांच्या मोजणीचं काम केलं. त्यातली एक गोष्ट अजून मनातून जात नाही. माळव्यातल्याच एका भागात शेतकऱ्यांच्या घरी बायोगॅसची टाकी बसवून देणारी एक संस्था होती. तिचं नाव इथे घेत नाही. २००८ मध्ये युरोपात या क्रेडिटचा भाव टनाला २० युरोच्या घरात गेला होता, त्या भरवशावर त्यांनी गावोगाव वायदे केले. २०१२ सरता सरता तोच भाव एका युरोच्याही खाली आला. संस्थेने गाशा गुंडाळला. मी शेवटची मोजणी करायला गेले तेव्हा एका घरात टाकीचा घुमट तडकलेला होता आणि त्यात पावसाचं पाणी साचलं होतं. घरातली बाई चुलीवर भाकरी टाकत होती. मला म्हणाली, ‘दुरुस्तीवाला येणार होता.’ दोन वर्षं ती वाट बघत होती. भाव पडला यात त्या संस्थेचा दोष नव्हता. पण भाव पडला तर घरमालकाचं काय, हे कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि तो दोष मी आजही त्यांच्याच माथी मारते.

म्हणून करारात मी दर सगळ्यात शेवटी वाचते. आधी बघते, पैसा कोणाकडून कोणाकडे जातोय. चांगल्या प्रकल्पात पहिला खर्च क्रेडिट विकत घेणाऱ्याकडून किंवा प्रकल्प चालवणाऱ्याकडून येतो. आंध्रात अराकू खोऱ्यात नांदी फाउंडेशन या संस्थेने आदिवासी शेतकऱ्यांच्या जमिनीवर कॉफी आणि फळझाडं लावली. त्याला पैसा लाइव्हलीहूड्स फंड या गुंतवणूक निधीने आधी दिला, आणि गुंतवणूकदारांनी मोबदल्यात क्रेडिट घेतलं. शेतकऱ्याकडे राहिलं झाड आणि झाडाचं फळ. कर्नाटकात बागेपल्लीला ५,५०० घरांत बायोगॅस बसवण्याचा प्रकल्प हवामान बदलावरच्या क्योटो कराराखालच्या यंत्रणेत २००५ मध्येच नोंदला गेला. तिथे शेतमजुरांची संघटना आधीपासून उभी होती, क्रेडिट नंतर आलं. दोन्ही ठिकाणी शेतकऱ्याने किंवा मजुराने नोंदणीचे पैसे खिशातून काढलेले नाहीत. तुमच्याकडून ५५ हजार मागणारी कंपनी तुमच्या झाडांवर कमावणार आहे की तुमच्या ५५ हजारांवर, हे मग मला विचारावं लागत नाही.

आता थोडं सरकारी धोरणाचं, कारण ‘परदेशी कंपन्यांना विकू’ हे वाक्य इतकं सरळ राहिलेलं नाही.

क्योटोच्या काळात उत्सर्जन कमी करायचं बंधन श्रीमंत देशांवर होतं, आपल्यावर नव्हतं. म्हणून इथला टन तिकडे विकला तरी आपलं काही जात नव्हतं. २०१५ च्या पॅरिस करारानंतर आपणही आकडा देऊन बसलोय. २००५ च्या तुलनेत जीडीपीमागचं उत्सर्जन २०३० पर्यंत ४५ टक्क्यांनी कमी करायचं, आणि जंगल व झाडांमधून अडीच ते तीन अब्ज टन जास्तीचा कार्बन डायऑक्साइड शोषायचा, असं भारताने ऑगस्ट २०२२ मध्ये लेखी दिलंय. २०७० ला नेट झिरोचा, म्हणजे जेवढं हवेत सोडू तेवढं शोषून घेण्याचा शब्द तर त्याआधीच, २०२१ मध्ये ग्लासगोला दिला होता. आता जो टन परदेशाच्या सरकारी हिशेबात जाईल तो आपल्या खातेवहीतून खोडावा लागतो. एकच टन दोघांच्या वहीत धरायचा नाही, हा त्या कराराचा नियम आहे. स्वस्तात झाडं लावून मिळणारे टन आज विकून टाकले आणि उद्या आपल्याच वाट्याला महागडे टन उरले, तर भरपाई आपणच करायची. गरीब, उष्ण प्रदेशातल्या प्रत्येक देशापुढे हा पेच आहे. सरकार इथे हात आखडता घेतं याला मी तरी दोष देणार नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने अशा देशादेशांतल्या व्यवहारासाठी १३ प्रकारच्या कामांची यादी काढली. साठवणुकीसह अक्षय ऊर्जा, हरित हायड्रोजन, कॉम्प्रेस्ड बायोगॅस अशी ती कामं आहेत. शेतातली झाडं त्यात नाहीत.

देशातला बाजार वेगळा. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा दुरुस्त झाला, जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम जाहीर झाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिला ऑफसेटची जोड मिळाली, म्हणजे ज्यांच्यावर उत्सर्जन कमी करायचं बंधन नाही त्यांनीही स्वेच्छेने प्रकल्प नोंदवायचा. कारभार ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिएन्सीकडे आहे. पण त्यातल्या सुरुवातीच्या मोजणी-पद्धतींमध्ये लागवडीची जी पद्धत आहे ती खारफुटीची, समुद्रकाठची. काळ्या मातीतल्या सांवेरला तिचा उपयोग नाही. ऑक्टोबर २०२३ चा ग्रीन क्रेडिट कार्यक्रम तर निराळाच आहे, तो ओसाड सरकारी वनजमिनीवरच्या लागवडीपासून सुरू झाला. एजंट लोक ‘ग्रीन क्रेडिट’ आणि ‘कार्बन क्रेडिट’ एकाच दमात बोलतात आणि वर मंत्र्याचा फोटो दाखवतात. दोन्ही एक नाहीत.

राहतो तो खासगी, स्वेच्छेचा बाजार. वेरा, गोल्ड स्टँडर्ड या संस्थांच्या नोंदवहीत प्रकल्प नोंदतात आणि कंपन्या स्वतःच्या मर्जीने विकत घेतात. तुमच्या दारातला कागद बहुधा याच बाजारातला असणार. त्यालाही २०२३ मध्ये मोठा धक्का बसला. जंगल वाचवण्याच्या नावाने विकलेल्या क्रेडिटचा बराच भाग पोकळ असल्याच्या बातम्या जानेवारीत आल्या आणि घेणारे सावध झाले. आपल्याकडे त्याच वर्षी ‘डाउन टू अर्थ’ हे नियतकालिक आणि सीएसई ही पर्यावरण संस्था यांनी देशभर फिरून पाहणी केली. आपल्या नावावर काय विकलं जातंय आणि किती किमतीला, हे बऱ्याच लोकांना माहीतच नव्हतं. मला त्याचं नवल वाटलं नाही. मी मोजणीला जायचे तेव्हा करारातला इंग्रजी मजकूर वाचून दाखवणारी अनेकदा मीच पहिली असायचे.

तरी या बाजारात एक सोय चांगली आहे. नोंदवही सगळ्यांना उघडी असते. मुलाला सांगा, त्या माणसाकडून फक्त प्रकल्पाचं नाव आणि नोंदणी क्रमांक घे. क्रमांक असेल तर वेबसाइटवर प्रकल्पाचे कागद, नकाशे, आजवर किती क्रेडिट निघाली, हे सगळं दहा मिनिटांत दिसतं. क्रमांक नसेल, ‘प्रोसेसमध्ये आहे’ असं उत्तर आलं, तर विषय तिथेच संपला.

आता ४० वर्षं. हा आकडा त्याने मनाने काढलेला नसेल. झाडं तोडली की साठवलेला कार्बन परत हवेत जातो, म्हणून घेणाऱ्याला लांब मुदत हवी असते, आणि वेराच्या नव्या नियमांत झाडांच्या प्रकल्पांना किमान ४० वर्षांचीच मुदत आहे. त्यांच्या बाजूने ते रास्त आहे. तुमच्या बाजूने बघा. तुमचा मुलगा साठीला पोचेल तेव्हा हा करार सुटेल. मधल्या काळात मुलीचं लग्न, आजारपण, शिक्षण, कशासाठीही जमीन विकायची झाली तर घेणारा या अटीसकट घेईल का? जमिनीच्या पावतीवर, म्हणजे ऋणपुस्तिकेवर, बँकेचं कर्ज काढायचं झालं तर? सागवान तयार झालं आणि भाव चांगला आला तर तोडता येईल का? मध्यप्रदेशात खासगी जमिनीवरचं लाकूड तोडायला आणि हलवायला जातीनुसार नियम वेगळे आहेत, त्यात या कराराची आणखी एक परवानगी वाढेल. दुष्काळात किंवा किडीने झाडं मेली तर भरपाई कोणाकडे? हे प्रश्न भाऊजींनी दिवाळीला विचारायच्या आत तुमच्याकडे लेखी उत्तरं हवीत. कंपनी आज आहे, दहा वर्षांनी दुसऱ्या कंपनीला विकली गेली तर तुमचा करारही तिच्याबरोबर जातो, तेही विचारा.

भाऊजींना सांगायला मात्र दिवाळीची वाट बघू नका, आजच फोन करा. खातं सामायिक आहे. त्यांच्या सहीशिवाय हा करार टिकणार नाही, आणि कायदा बाजूला ठेवला तरी पुण्याहून आलेल्या माणसाला फराळाच्या ताटावर हे कळणं बरं नाही.

तुमच्या पत्रात एका कुटुंबाला एकच ओळ मिळालीय. वीस वर्षं जमीन कसणारं पाटीदार कुटुंब. ११ एकरांवर दाट झाडं लावली की त्यांचं काम संपलं. त्यांनी अजून काही विचारलं नसेल, कारण त्यांना कोणी सांगितलंच नाही. मला या सगळ्या व्यवहारात हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते. कार्बनच्या कागदावर जमिनीचा मालक असतो, कंपनी असते, परदेशी घेणारा असतो, पण रोपाला पाणी घालणारा, गुरं हाकणारा, मेलेल्या रोपाच्या जागी नवं लावणारा माणूस त्या कागदावर नसतो. आणि तो नसला तर झाडंही राहत नाहीत. बागेपल्लीला जमलं, ते चूल पेटवणारी बाईच त्या हिशेबात होती म्हणून.

मग काहीच करू नये का? करावं, पण असं नाही. बांधावर आणि विहिरीभोवती झाडं लावा. आवळा, सीताफळ, कडूनिंब, थोडं सागवान. पिकाची जमीन पिकालाच ठेवा. त्याची क्रेडिट येतील तेव्हा येतील, फळ आणि सावली तोवर थांबत नाही. ११ एकरांच्या बांधावरून निघणारे टन एकट्याने नोंदवण्याइतके नसतात, पडताळणीचाच खर्च त्यापेक्षा जास्त होतो. आसपासच्या पाच-सहा गावांचे शेतकरी एखाद्या एफपीओतून, म्हणजे शेतकरी उत्पादक संघटनेतून, एकत्र आले तर बोलणी करता येतात, आणि तेव्हा दर एजंट ठरवत नाही. कृषी मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शेतीसाठी स्वेच्छेच्या कार्बन बाजाराची चौकट काढली, ती अशा लहान शेतकऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवूनच. गव्हानंतरची नरवाई, म्हणजे शेतात उरलेली धसकटं, जाळणं बंद करा, हे तर क्रेडिट असो नसो, आजपासून करण्यासारखं आहे. बटाईदाराकडे चार जनावरं असतील तर रोजचं ५० किलो शेण निघतं, तेवढ्यावर दोन घनमीटरची बायोगॅसची टाकी चालते. शेण-कचऱ्यातून सुटणारा मिथेन वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. म्हणून शेणाचा आणि कचऱ्याचा टन झाडाच्या टनापेक्षा लवकर आणि पक्का निघतो.

मुलाला मी देवगुराडियाला जायला सांगेन. तिथला आपला गोबर-धन प्रकल्प २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाला तेव्हा तो रोज ५५० टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेचा होता आणि त्यातून सुमारे १७ टन सीएनजी निघू शकत होता. इथे कचरा वजन होऊन आत येतो, गॅस मीटरवरून बाहेर जातो, मोजणीत अंदाजाला जागा फार थोडी. तिथून पुढे नर्मदेकाठचं जलूद. नर्मदेचं पाणी इंदूरला चढवायला लागणारी वीज सूर्यावर चालावी म्हणून महापालिकेने २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बॉण्ड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, विकले, ६० मेगावॅटच्या प्रकल्पासाठी, आणि मागितले होते त्याच्या कितीतरी जास्त रकमेचे अर्ज आले. हे सगळं आपल्या दारात चाललंय. या क्षेत्रात आज सगळ्यात तुटवडा आहे तो इमानाने मोजणाऱ्या माणसांचा. त्याने एखाद्या पडताळणी करणाऱ्या संस्थेत दोन वर्षं उन्हात टेप घेऊन काढली तर पुढे असे करार तो स्वतः वाचेल, आणि गावाला वाचून दाखवेल. त्याला ‘मागे राहू’ अशी भीती वाटतेय. त्या बाजूने तो मागे राहणार नाही.

येत्या रविवारी तुम्ही आणि मुलगा दोघं सांवेरला जा. बांधावरच्या पाच झाडांचा घेर घ्या, बटाईदारालाही बरोबर घ्या, त्याला कोणतं झाड कधी लागलं ते तोंडपाठ असेल. आणि कराराची प्रत तुमच्याकडे असेल तर नावं आणि खसरा (जमिनीचा गट) नंबर झाकून मला पाठवा. मुदत, तोडणी आणि करार मोडण्याची अट असलेली पानं आधी पाठवा, बाकीची नंतर चालतील.